रिकाम्या रस्त्यावर ब्रेक

यजमान गेले तेव्हा नोकरीची थोडीच वर्षं उरली होती माझी. मी जव्हारला राहते आणि शाळा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पुढं. त्यांचं ऑफिसही मोखाड्यालाच, त्यामुळं सकाळी आम्ही एकाच गाडीनं निघायचो आणि मला शाळेपाशी सोडून ते पुढं जायचे. त्यांच्यामागं मी काही महिने जीपनं ये-जा केली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि शाळेची घंटा काही जीपसाठी थांबत नाही.

मुलगी जर्मनीत असते. तिनं तिकडून सांगितलं, "आई, जुनी गाडी विकून टाक. आता अशा गाड्या आल्यात की त्या स्वतःच ब्रेक लावतात, स्वतःच रांगेत राहतात. तू फक्त बसायचंस."

लायसन्स माझ्याकडं होतं, पण घाटात गाडी कधी हाती घेतली नव्हती. गाडी तिनंच निवडली. नाशिकच्या शोरूममधल्या बाईंनी मला हायवेवर नेलं आणि एक बटण दाबलं. "आता स्टिअरिंगवर हात नुसते ठेवा, मॅडम. जोर लावू नका." स्टिअरिंग माझ्या हाताखाली आपोआप किंचित फिरलं. पुढचा ट्रक मंदावला तशी आमची गाडीही मंदावली, तो सुटला तशी हीही सुटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला कुठंतरी नेत होतं. बाईंना दिसू नये म्हणून मी तोंड खिडकीकडं वळवलं.

आमच्या रस्त्यावर मात्र गाडीची ही हुशारी जेमतेमच चाले. तिला पांढरे पट्टे लागतात. जव्हार-मोखाडा रस्त्यावर ते कुठं आहेत, कुठं पुसलेत, कुठं डांबराच्या ठिगळाखाली गेलेत. पट्टा दिसला की समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटायची, आणि वळण आलं की ऐन गरजेच्या वेळी ती विझायची. कधी वळणावरच्या कठड्याला समोरून येणारं वाहन समजून गाडी किंचाळायची. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई तिला माणूस वाटायची की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. धुकं उतरलं की पडद्यावर यायचं, कॅमेऱ्याला दिसत नाही. मग मी मोठ्यानं म्हणायचे, "मलाही दिसत नाही गं." गाडीत बोलायची सवय लागली ती अशी. घरी तर तेवढंही बोलणं होत नव्हतं.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. सकाळी एक मोटारसायकल पाड्याच्या वाटेनं एकदम वर आली. माझा पाय हलायच्या आत गाडीनं ब्रेक मारला. सीटचा पट्टा छातीत रुतला, डबा सीटवरून खाली पडून वरण सांडलं. मोटारसायकलवाला थांबला, घाबरून म्हणाला, "बाई, लागलं नाय ना?" नाही, कुणालाच लागलं नव्हतं.

पुढच्या टेकाडावर रेंज आली आणि फोन वाजला. मुलगी होती.

"आई! काय झालं? मला अ‍ॅपवर आलं, जोरात ब्रेक लागला म्हणून."

"अगं, तुला तिकडं कळतं?"

"सगळं कळतं. तू ठीक आहेस ना? गाडी बाजूला घे आधी. पाणी पी."

मी गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले. ती बराच वेळ बोलत राहिली. छातीत दुखतंय का, रात्री झोप लागते का, जेवणात काय करतेस, सगळं विचारलं. तिच्याकडं पहाट होती, आवाज झोपेतला होता, लहानपणी ताप आल्यावर असायचा तसा. शाळेत मी उशिरा पोहोचले, तरी दिवसभर मला बरं वाटत होतं.

एरवी तिचा फोन रविवारी यायचा. तोही घाईचा. कुकरची शिट्टी, कुणाचं तरी मागून बोलणं, मग "ठेवते गं आई, पुढच्या वेळी निवांत." मी तिला दोष देत नाही. त्या वयात मीही माझ्या आईशी निवांत बोलले नव्हते.

एका रविवारी तो फोनही आला नाही. दुपारी जेवण झाल्यावर घरात बसवेना, म्हणून गाडी काढली आणि दाभोशाच्या रस्त्याला लागले. काही काम नव्हतं. भात कापून झालेली खाचरं दोन्ही बाजूंना, माणूस कुठं दिसत नव्हतं. एका सरळ तुकड्यावर आले. आरशात पाहिलं, मागं कुणी नाही. पुढं कुणी नाही. मी वेग वाढवला आणि सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

टायर ओरडले. मग सगळं शांत झालं. मी फोन मांडीवर घेऊन तिथंच बसले.

थोड्या वेळानं तो वाजला.

"आई? काय झालं?"

"वासरू आडवं आलं गं. एकदम पळत आलं."

"बरं. लागलं नाही ना त्याला?"

"नाही, नाही. गेलं पळून."

ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. संध्याकाळी तिचा परत फोन आला.

"आई, गाडीचा कॅमेरा रेकॉर्डिंग करतो. मी पाहिलं."

मी हातातली भाजी खाली ठेवली.

"रस्ता रिकामा होता आई."

"हो."

"सरळ फोन करायचास ना."

"तू कामात असतेस."

"रविवारी कसलं काम?" ती म्हणाली, आणि मग तिलाच आठवलं असावं की आज रविवारच होता आणि तिनं फोन केला नव्हता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी तिला समजावत बसले. ती मला समजावत होती. नंतर महिनाभर ती रोज बोलली. मग दिवसाआड. मग पुन्हा रविवारवर आली.

पावसाळ्यात एका बुधवारी शाळेतून परतत होते. धुकं इतकं की बोनेटपुढचं दिसेना. कॅमेरा बंद पडल्याची खूण आलेलीच होती. दोन वळणांच्या मध्ये रस्त्यात म्हैस बसली होती, काळ्या रस्त्यावर काळी. या वेळी गाडीला काही कळलं नाही. मला कळलं. ब्रेक मीच मारला, गाडी घसरत गेली आणि म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीनं मान वळवून पाहिलं, एवढंच. उतरून तिला हाकलणंही मला सुचेना. मागून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं हाकललं.

रेंज आली तेव्हा मी वाट पाहिली. जव्हार आलं, घर आलं. चहा केला, फोन ओट्यावर ठेवला. रात्र झाली, झोपले. फोन आला नाही.

रविवारी तिनंच विषय काढला, हळूच, मला दुखवायचं नाही अशा सुरात. "आई, बुधवारी पुन्हा ब्रेक लागला होता. व्हिडिओत सगळं पांढरंच दिसलं. मी मुद्दाम फोन केला नाही. वाटलं, अशी सवय लागायला नको." मग म्हणाली, "तुला एकटं वाटत होतं का?"

म्हशीचं सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं असतं तर तिला जन्मभर लागून राहिलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"सॉरी आई. मी येते."

मला वाटलं, नुसतं म्हणते. पण थंडीत ती खरंच आली, थोडेच दिवस. विमानतळावरून तिला जव्हारपर्यंत मीच गाडीनं आणलं. हायवेवर गाडी स्वतः चालली तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. घाट लागला, पडद्यावरची रेघ विझली, आणि ती सरळ होऊन बसली. माझं लक्ष रस्त्यावर होतं, तरी दिसत होतं. प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय पुढं जात होता आणि पायपुसण्यावर घट्ट दाबला जात होता. तिच्या बाजूला ब्रेक नव्हता.