झरोक्यांवरची डोकी

सुमनताईंचा फोन आला तेव्हा अळ्यांनी पाला खाणं सोडलं होतं.

"सर, शेड रात्रीबी तापलेलीच ऱ्हातीया. आन् आता वास मारायलाय."

लासुर्ण्याजवळची ती रेशीम शेड माझ्या डिझाइनची. रेशमाच्या अळ्यांना गारवा लागतो, खेळती हवा लागते. तिथली वीज लहरी. म्हणून छताला पीसीएमची पॅनेल बसवली होती. पीसीएम म्हणजे मेणासारखा पदार्थ. दिवसा तो वितळतो आणि वितळताना खोलीतली उष्णता पिऊन घेतो. रात्रीच्या गार हवेत पुन्हा थिजतो आणि ती सोडून देतो. त्याला वीज लागत नाही, फक्त रात्रीचं वारं लागतं. त्यासाठी लांब भिंतींना समोरासमोर झरोके ठेवले होते.

सकाळीच पोचलो. रस्त्याकडचे झरोके दिसेचनात. अख्ख्या भिंतीवर फ्लेक्स ताणला होता. 'विजेविना गारवा, भव्य उद्घाटन'. वर ओळीने नेते, खाली ओळीने इच्छुक. नेत्यांची डोकी नेमकी झरोक्यांवर आली होती. प्रमुख पाहुण्यांना सवड नव्हती, कार्यक्रम रोज पुढे जात होता. फ्लेक्स तिथेच.

आत पॅनेल दाबून पाहिलं. या वेळी ते दगडासारखं लागायला हवं. पाण्याच्या पिशवीसारखं लागलं.

सुमनताईंचे सासरे, आबा, बाहेर मंडपवाल्याशी बोलत होते.

"आबा, फ्लेक्स आत्ता उतरवा."

"कार्यक्रमाआधी? लोक म्हंतील आबानं पार्टी बदलली."

"मग वाऱ्यासाठी भोकं तरी पाडा. सगळेच पाडतात."

"पाडत्यात की. पर हितं भोक म्हंजी थेट सायबाच्या तोंडात."

"मी पाडते," सुमनताई म्हणाल्या. त्यांच्या हातात पाला कापायचा विळा होता. "तसंबी तितनं हवाच येती."

मंडपवाला हसला. आबा हसले नाहीत.

"तुझा नवरा कारखान्यात कुणामुळं लागला, इसरलीस व्हय? अजून परमनंट न्हाय त्यो."

सुमनताईंनी विळा खाली ठेवला. या मुद्द्यावर माझं इंजिनिअरिंग संपत होतं.

ही त्यांची पहिलीच बॅच. तुतीसाठी आबांनी उसाचं रान मोठ्या नाराजीने मोडू दिलं होतं. अट एकच: पहिली बॅच फसली की पुन्हा ऊस.

आम्ही दारं सताड उघडली. मेलेल्या अळ्या वेचल्या, पाला बदलला. उपयोग झाला नाही. कोष विणायच्या तोंडावर आलेल्या अळ्या मऊ पडून काळ्या झाल्या. सुमनताईंनी शेडमागे खड्डा घेतला आणि चुना टाकून सगळी बॅच पुरली. रडल्या नाहीत. रिकामे रॅक मात्र धुऊन ठेवले.

मग पाहुणे आले. फीत कापली. "आपल्या मातीतलं तंत्रज्ञान," म्हणाले. पॅनेल परदेशातून आली होती. अळ्या कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही.

कार्यक्रमानंतर फ्लेक्स उतरला. दुसऱ्या सकाळी मेण टणक होतं आणि शेड दिवसभर गार राहिली. मी आनंदाने सांगायला गेलो, तर आबांचा ट्रॅक्टर तुतीत फिरत होता. सुमनताई बांधावर उभ्या होत्या.

"चांगलं हाय सर, तुमचं छत," त्या म्हणाल्या.

त्या छताखाली आता युरियाची पोती आहेत. अगदी योग्य तापमानात.

हल्ली मी प्रत्येक ड्रॉइंगवर एक ओळ टाकतो: झरोक्यांवर कोणाचाही चेहरा लावू नये. परवा इंदापूरच्या एका क्लायंटने ती वाचून विचारलं, "दिवंगत असला तर चालंल का?"