ताईला ब्लॉकेज नव्हतं

ब्लॉकेज नव्हतं, तरी माझी ताई हार्टनेच गेली.

आज वर्ष झालं. अजून राग जात नाही.

छातीत दुखायचं म्हणून तिची अँजिओग्राफी केली. आई बाहेर बाकावर बसून देवीला नवस बोलली, "पोरीचं हार्ट चांगलं निघू दे. ती अनवाणी गड चढून तुझी ओटी भरेल."

नवस आईचा, पाय ताईचे. आमच्याकडे असंच असतं.

रिपोर्ट क्लीन आला. आईने आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे वाटले.

डॉक्टर म्हणाले होते, "मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पण रक्तात ट्रोपोनिन थोडं जास्त येतंय, म्हणजे हार्टला त्रास होतोय. अगदी बारीक रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. पुढच्या टेस्टला या."

त्यातलं "मोकळ्या" एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

मग ताई दुखतंय म्हणाली की उत्तर ठरलेलं.

भाऊजी म्हणायचे, "अगं, गॅस असेल."

शेजारच्या काकू म्हणायच्या, "टेन्शन फार घेतेस तू."

ताईसुद्धा हसून ओवा चघळायची.

नवस फेडायला आम्ही तिघी गेलो. अर्ध्या गडावर ताई पायरीवर बसली. घामाने निथळत होती.

"आई, जरा बसू दे ना गं."

"चल बाळा, थोडंच राहिलंय. आणि तुझा रिपोर्ट तर क्लीन आहे ना?"

ताई उठली. वर गेली. ओटी भरली. फोटोत झकास हसली.

त्याच आठवड्यात, संध्याकाळचा कुकर लावता लावता ओट्यापाशी कोसळली. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचली नाही.

आज सकाळी तिच्या फोटोला हार घालताना आईने विचारलं, "मी नवस बोललेच नसते तर गं?"

गड चढली नसती तर ताई वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

हे आईला कसं सांगू?

"तुला ती हवी होती, म्हणून बोललीस," एवढंच म्हणाले. आईने हार फोटोला घालून नीट केला.

घरातली बाई दुखतंय म्हणाली, तर तिला ओवा देऊन गप्प करू नका रे. रिपोर्ट क्लीन असला तरी परत घेऊन जा. प्लीज.

ताई, आता निवांत बस.

कोणी चल म्हणणार नाही.