विचुंब्याच्या थांब्यावर कोणी नव्हतं

पनवेल स्टेशनबाहेर लावलेल्या त्या नकाशावर माझा अजून राग आहे. रेल्वेची एक जाड रेघ, शहराच्या बसच्या पाच-सहा रंगीत रेघा, आणि सगळ्या एकमेकींना कुठे ना कुठे भेटणाऱ्या. एकाच पासवर कुठेही जा, ट्रेनमधून उतरलात की बस तयार, असं वर लिहिलेलं. त्यातली जांभळी रेघ नवीन पनवेलमधून थेट विचुंब्याला येत होती. त्या रेघेच्या भरवशावर आम्ही तिथे फ्लॅट घेतला. बिल्डरनेही तीच दाखवली होती, पण बिल्डरवर चिडून काय मिळणार?

पहिले काही महिने बस आली. मग तिला वाटेल तेव्हा यायला लागली. संध्याकाळी मी शाळेतून परत येताना स्टेशनचा जिना धावत उतरायचे आणि बस बरोब्बर तेव्हाच सुटलेली असायची. ट्रेन आणि बस यांचा मेळ घातला होता खरा, फक्त उलटा. पुढे पुढे तर ड्रायव्हर गावात शिरायच्या आधीच्या वळणावरून गाडी फिरवून परत नेऊ लागले. मी शेअर रिक्षात अंग चोरून बसायला शिकले. बाबांना ते जमणारं नव्हतं.

आई गेल्यावर बाबा कोकणातून माझ्याकडे राहायला आले होते. उभी हयात त्यांनी एका तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, माइकवरून गाड्या पुकारत. त्यांच्या डाव्या गुडघ्यात धातूची पट्टी बसवलेली, पाय दुमडत नसे. शेअर रिक्षात पाय पसरायला कोण देणार, आणि एकट्यासाठी आख्खी रिक्षा करायला त्यांचं मन घेत नसे. जुन्या पनवेलला त्यांच्या वेळचा एक कंडक्टर राहायचा. त्याच्याबरोबर तळ्याकाठी तासभर बसणं, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. बस आली तर ते, नाहीतर दुसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर दिवस ढकलणं.

तरी ते रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून थांब्याच्या खांबापाशी जाऊन उभे राहत. तासभर थांबून परत येत. खांबाशेजारी भाजी विकणारी गावातली बाई त्यांना सांगून दमली. मीही दमले. लोक हसतात तुम्हाला, असंसुद्धा मी एकदा बोलून गेले. त्यावर त्यांनी फक्त घड्याळाला किल्ली दिली.

शेवटी एका शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर मी बसच्या कचेरीत जाऊन थडकले. तिथल्या साहेबांनी शांतपणे फाइल काढली. मार्ग चालू आहे म्हणाले. मग कंडक्टरांनी दिलेला शेरा दाखवला: विचुंबे, प्रवासी मिळत नाहीत. माझे वडील रोज तिथे उभे असतात, असं मी जरा मोठ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, एक दिवस गाडी घेऊन मी स्वतः बघून जाईन, मगच काय ते ठरवू. असले साहेब खुर्ची सोडून कधी येत नसतात, हे मला पक्कं माहीत होतं. मी पाय आपटत निघाले.

घरी येऊन मी बाबांसमोर सगळा राग ओतला. वाटलं, तेही चिडतील. टीव्हीचा आवाज बंद करून ते म्हणाले, "हा शेरा मीही मारलाय."

घाटातलं एक गाव होतं. कंडक्टर महिनाभर सांगत राहिला, गावात कोणी नसतं, गाडी रिकामीच परत येते. बाबांनी खुर्चीतून न उठता शेरा लिहिला आणि गाडी बंद झाली. आठ दिवसांनी कडेवर पोर घेऊन एक बाई घाट उतरून चालत आली. आम्ही रोज उभे असतो, गाडीच वळणावरून फिरते, असं तिने सांगितलं.

"मग तुम्ही शेरा खोडलात?" मी विचारलं.

"नाही. कागद वर गेला होता. परत मागवला असता तर माझी चूक दिसली असती." मग म्हणाले, "कोणी उभं दिसलं, तर लिहिणाऱ्याचा हात अडतो. म्हणून जातो मी."

मला त्यांचा भयंकर राग आला. "मग भोगा आता," असं म्हणून मी आत गेले.

रात्रभर ते शब्द मला टोचत राहिले. सोमवारी मी रजा टाकली. सकाळी साडेनऊलाच त्यांना म्हटलं, चला, आज मी सोडते. ते नको म्हणत होते, दहाची वेळ आहे म्हणत होते. मी ऐकलं नाही. स्कूटरवर मागे पाय लांब करून बसवलं आणि तळ्यावर नेलं. दोघे म्हातारे मनसोक्त बोलले. मला फार बरं वाटलं.

दुपारी परतलो तर भाजीवालीने हात करून थांबवलं.

"कुटं गेलेलं बाबा आज? बस आलती, दहाला. सायब पन व्हता आत. पाच मिनटं थांबला, हितंतिथं बगला. मी बोलले, एक बाबा रोज येतान. तो बोलला, आज तं कोनी नाय. लिवून घेतला नं गेला."

बाबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन स्कूटरवरून उतरले आणि सावकाश चालत खांबापाशी जाऊन उभे राहिले. घरी चला, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.