खाजामियाँची लाल झेंडी

लातुरात खाजामियाँ शेख यांना कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झाली की हा माणूस उठून रस्त्यावर डोकावून यायचा, आणि न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून वाट बघायचा. वय एकाहत्तर. पायाला भिंगरी जन्मापासून होती म्हणावं, तर तसंही नाही. ती रेल्वेनं बांधली.

छोट्या लाईनवर, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या जुन्या नॅरोगेजवर, ते एकतीस वर्षं चावीवाले होते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रूळ लोखंडी स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी पाचर ती चावी. स्लीपरच्या लोखंडी पकडीत ती ठोकून बसवतात, आणि वरून गाड्या धडधडल्या की ती हळूहळू सैल होते. चावीवाल्यानं रोज सकाळी हातोडा आणि झेंड्या घेऊन निघायचं, हरंगुळच्या बाजूला सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. जाताना एका रुळाच्या चाव्या बघायच्या, येताना दुसऱ्या. घट्ट चावी हातोड्याखाली टणकन वाजते, ढिली नुसती भद्द करते. सगळी विद्या कानात.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात गँगचे मुकादम रामकिशन यांनी त्यांना बजावलं होतं, "चावी वाजली की हात आवर बरं का. तिच्याफुडं मारशील तर पकड चिरंल. ढिल्या चावीपेक्षा ते वंगाळ."

खाजामियाँनी ते शब्द गाठीला बांधले. एकतीस वर्षांत त्यांच्या बीटवर, म्हणजे वाट्याच्या त्या सहा किलोमीटरांवर, चावीपायी गाडी कधी थांबली नाही. हे ते स्वतः कुणाला सांगत नसत. म्हणजे दिवसातून दोनदाच सांगत.

पुढं छोटी लाईन बंद झाली, मोठी आली. मोठ्या लाईनच्या सिमेंटच्या स्लीपरांशी त्यांचं सूत काही जुळलं नाही, पण तिथंही उरलेली वर्षं काढून ते घरी बसले. बसले हा बोलण्याचा प्रकार. सकाळी गंजगोलाईचा बाजार, दुपारी औसा रोड, संध्याकाळी पुन्हा गंजगोलाई. मधल्या वेळात घरात येरझाऱ्या. बायको बानो तांदूळ निवडायला बसली की तिच्या सुपावरून चार वेळा ओलांडून जायचे. ती वैतागून म्हणायची, "घर हय के प्लाटफारम?" मुलगा अनस याचं मोबाईलचं दुकान होतं, त्यानं एकदा अब्बांना गल्ल्यावर बसवून बघितलं. तासाभरात अब्बा गायब आणि गल्ला उघडा. पुन्हा त्यानं ते नाव काढलं नाही.

अशात वैजनाथ सरांनी छोटी लाईन संग्रहालय काढलं. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, जुन्या वस्तू दिसल्या की हरखून जाणारे. यार्डाच्या जुन्या जागेत त्यांनी लोकांच्या मदतीनं तीनशे मीटर रूळ टाकून घेतला, एक लहानसं डिझेल इंजिन आणि एक डबा मिळवला, आणि रेल्वेच्या नियमांचं जुनं पुस्तक काचेच्या पेटीत ठेवलं. पगार कुणालाच नाही. इंजिनावर शिवमूर्तीअण्णा, उदगीरकडचे निवृत्त ड्रायव्हर. तिकीट खिडकीवर पंचफुलाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आणि लाईनीवर खाजामियाँ. छातीवर ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला लावून मिळाला तेव्हा त्यांनी तो घरी जाऊन बानोला तीन वेळा वाचून दाखवला.

तीनशे मीटर म्हणजे चावीवाल्याच्या हिशेबानं तोंड धुवायलाही पुरत नाहीत. पण खाजामियाँ ती लाईन दिवसातून वीस वेळा चालायचे. पाहुण्यांना माहिती सांगतानाही चालायचे. पाहुणे मागून पळायचे. दोन वर्षं फार छान गेली. रात्री झोप लागायला लागली, आणि बानोचे तांदूळही निवडून व्हायला लागले.

मग कान गेले. एकदम नाही, भिंतीचा रंग उडावा तसे हळूहळू. घरात ते लपलं नाही, पण बाहेर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. कुणी काही बोललं की मान डोलवायची, आणि लगेच चालायला लागायचं. चालत्या माणसाला कोण पुन्हा विचारतो? अनसनं कानाचं मशीन आणून दिलं. ते लावलं की रिक्षा, कावळे, पंचफुलाबाईंची बांगडी, सगळंच अंगावर यायचं आणि हातोड्याचा घाव तर डोक्यातच बसायचा. घट्ट चावी आणि ढिली चावी, दोन्हींचा आवाज एकच. मशीन खिशात गेलं ते गेलं.

संग्रहालयाला तीन वर्षं होणार म्हणून सरांनी मोठा बेत आखला. आजवर इंजिन एकटंच पुढंमागं व्हायचं. वर्धापनदिनी डब्यात शाळेची चाळीस मुलं बसवून गाडी लाईनभर न्यायची, आणि तिथंच मांडव घालून खाजामियाँचा सत्कार करायचा. शाल आणलेली होती. ऐकून ते इतके खूश झाले की जागेवरच दोन फेऱ्या मारून आले.

आदल्या दिवशी दुपारी ते लाईन तपासायला निघाले. लिंबाच्या झाडापाशी वळण आहे. तिथं चावीवर हातोडा मारला, वाजली असं वाटलं नाही. आणखी मारला. आणखी एक. घाम पुसायला वाकले तर पकडीवर केसासारखी रेघ दिसली. बोट फिरवलं. चीर. पुढच्या स्लीपरला बघितलं, तिथंही चीर. एका ओळीत पाच.

खाजामियाँ मटकन खाली बसले, आणि लगेच उठलेही. या पकडी गाडीनं चिरल्या नव्हत्या. वर्षभर एक माणूस आवाजाची वाट बघत ठोकत राहिला होता, आणि आवाज तर केव्हाच येऊन गेलेला असायचा. सगळ्यांनी निष्काळजीपणा केला असता तरी चाललं असतं. पण हे काम एकट्या खाजामियाँनी, मन लावून, रोजच्या रोज केलं होतं.

त्या संध्याकाळी घरात ते किती वेळा उठले याचा हिशेब बानोनंही सोडून दिला. सांगावं तर बहिरेपण उघडं पडणार. मग शाल पांघरून, हात जोडून, मानानं घरी पाठवतील. पुन्हा गंजगोलाई, पुन्हा औसा रोड, आणि कशासाठी हे कुणी विचारू नये. न सांगावं तर? गाडी चालणार माणसाच्या चालीनं. इंजिन एकटं रोज जातंच की. पण रिकामं इंजिन वेगळं आणि चाळीस लेकरांचा डबा वेगळा, आणि तोही वळणावर. बानोनं पुढं ठेवलेला चहा दोनदा गार झाला, दोनदा गरम झाला, शेवटी तिनंच पिऊन टाकला.

सकाळी दहाला डबा भरला. मुलं खिडक्यांतून हात काढून ओरडत होती, पंचफुलाबाई त्यांना आत ढकलत होत्या. शिवमूर्तींनी शिट्टी दिली. ती मात्र खाजामियाँना ऐकू आली, किंवा वाफेसारखी पायातून वर चढली म्हणा. ते वळणाच्या अलीकडं उभे होते. त्यांनी पिशवीतून लाल झेंडी काढली, दोन्ही रुळांच्या मधोमध रोवली आणि शेजारी उभे राहिले.

गाडी दोन-चार हात सरकली आणि थांबली. शिवमूर्ती उतरून चालत आले. चावीवाल्यानं झेंडी रोवली की ड्रायव्हरनं उतरायचं, चावीवाल्यानं कारण सांगायचं, असा शिरस्ता. मागून वैजनाथ सर धोतर सावरत पळत आले.

"काय झालं खाजाभाई?" शिवमूर्तींनी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं. "रूळ तुटला का?"

"रूळ बरा हाय," खाजामियाँ म्हणाले. "चावीवाला बिघडलाय."

दोघांना कळेना. मग खाजामियाँनी वाकून पाचही चिरा दाखवल्या आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. "मला ऐकू येत न्हाई अण्णा. साल झालं. मी नुसता ठोकून राहिलो. ह्या मीच चिरल्या."

शिवमूर्तींनी चिरेवर नख घासून बघितलं. "अय्यो," एवढंच ते म्हणाले, आणि परत जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं.

मुलं उतरली. काही रडली. एक पाहुणे घड्याळ बघत मोटारीकडं निघाले. सरांचा चेहरा पडला होता. तीन महिन्यांची धावपळ मातीत गेली होती. तरी माणूस सभ्य. त्यांनी खाजामियाँच्या हातातला हातोडा हळूच काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "खाजामियाँ, फार केलंत. उद्यापासून आता तुम्ही त्रास घेऊ नका."

हे मात्र नीट ऐकू आलं. ज्या वाक्याच्या भीतीनं वर्षभर मान डोलवली होती ते हेच. खाजामियाँनी बिल्ल्याला हात लावला, आणि मग झेंडीकडं बघितलं.

"बरं. पर सर, झेंडी माझी हाय. ज्यानं लावली त्यानंच काढायची. स्लीपर बदलून लाईन पक्की होईस्तोवर मला हितनं हलता येत न्हाई. तुमच्या काचंच्या पेटीत लिव्हलंय बघा."

सरांनी शिवमूर्तींकडं बघितलं. शिवमूर्तींनी मान हलवली. "खरंय सर. त्याच्याबिगर मी बी इंजिन हलवनार न्हाई." इतिहासाच्या शिक्षकाची पंचाईत झाली, काचेत ठेवलेला नियम मोडायचा तरी कसा? हातोडा त्यांनी पंचफुलाबाईंच्या हातात दिला आणि पाहुण्यांना गाठायला मांडवाकडं गेले.

पंचफुलाबाईंना त्या हातोड्याचं काय करावं ते समजेना. "खाजाभाई, खुर्ची आणू का?"

खाजामियाँ त्यांच्या ओठांकडं बघत होते. त्यांनी वळणाच्या पलीकडची, चीर न गेलेली एक चावी बोटानं दाखवली. "ताई, तिला एक मारा. हळू."

बाईंनी पदर खोचला आणि घाबरत घाव घातला.

"वाजली का?"

"वाजली की."

"तसं न्हाई. कशी वाजली ते सांगा."

पुन्हा एकदा मारून बाईंनी कान जवळ नेला. मग खाजामियाँच्या तोंडासमोर येऊन, अंगणवाडीतल्या लेकराला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, "फुटक्या रांजणावर टिचकी मारल्यावानी."

"मग ढिली हाय," खाजामियाँ म्हणाले.