जहाज गाठेपर्यंतचा फोन

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. माणूस परदेशी रवाना होतो, जहाजावर चढतो, आणि त्याच्या प्रवासाचा किस्सा तेवढा आमच्याकडे परत येतो. मग दुपारी डबे उघडले की कोणीतरी तोही उघडतं.

बेलापूरला आमचं ऑफिस आहे, जहाजांना माणसं पुरवणारं. तिकीट, व्हिसा, हॉटेल माझ्याकडे. माणूस घरातून निघाला की जहाजाची शिडी चढेपर्यंत त्याचा फोन मी घ्यायचा, हा नियम. शेजारच्या टेबलावर सलीमभाई. मूळचे श्रीवर्धनचे, अख्खी नोकरी जहाजावर काढली, आता कागदपत्रं बघतात. ऐकताना तुम्ही हसाल. त्या त्या वेळी आम्ही कोणी हसत नसतो.

*

उरणकडचा घरत जहाजावर कुक. पहिल्यांदाच एकटा चालला होता, इस्तंबूलला विमान बदलायचं होतं. रोमिंगचा पॅक घ्या म्हणून तीनदा सांगितलं. "उतरल्यावर घेतो," म्हणाला.

उतरल्यावर पॅक घ्यायला ओटीपी लागतो. ओटीपी यायला नेटवर्क लागतं. आणि नेटवर्क यायला पॅक. विमानतळाचं वाय-फाय होतं, पण तेही नंबर विचारून त्यावर ओटीपीच पाठवणार.

नेमकं त्या दिवशी त्याचं पुढचं विमान रद्द झालं. मी दुसऱ्या विमानात सीट घेतली, पण ते घरतला सांगायचं कसं? चार तास पत्ता नाही. त्याची बायको सारखी फोन करत होती. मी म्हणायचे, "अहो, विमानात असतील." विमानात नाहीत हे मला माहीत होतं.

विमान सुटायला तासभर उरला आणि एका अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, घरत बोलतोय. एका बाईचा फोन हाय. लवकर सांगा, तिचा विमान सुटतंय."

मी फ्लाइटचा नंबर आणि गेट एकेक आकडा सुटा करून सांगितलं. मिळालं त्याला विमान. सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, "घरत, तुम्हाला इंग्लिश येत नाही. त्या बाईला समजावलंत कसं?"

"समजवतोय काय! पासपोर्ट दाखवला, तुमचा नंबर दाखवला आन् तिच्यासमोर रडलो. रडाया खराच येत व्हता. पन जरा जादाच रडलो."

*

साताऱ्याचे जाधव कोपरखैरण्यात राहतात, जहाजावर फिटर. रॉटरडॅमला त्यांना न्यायला एजंटची गाडी येणार होती. एजंट म्हणजे त्या बंदरातला आमचा माणूस. गाडीला उशीर झाला म्हणून जाधवांनी स्वतःच्या हुशारीने टॅक्सी केली. जहाज कुठे उभं आहे ते दाखवणारं अ‍ॅप त्यांच्याकडे होतं. त्यातल्या ठिपक्यापर्यंतचा रस्ता मॅपवर लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, चल.

जहाज साडेचारला सुटणार होतं. साडेतीनला जाधवांचा व्हिडिओ कॉल.

"मॅडम, पोचलो. जहाज समोर आहे."

"मग चढा की."

"मध्ये पाणी आहे."

त्यांनी फोन फिरवला. जहाज खरंच दिसत होतं, त्याच्यावर फिरणारी माणसंसुद्धा दिसत होती. टॅक्सीने त्यांना समोरच्या काठावर सोडलं होतं आणि टॅक्सी निघून गेली होती. मॅपवर रस्त्याने अंतर बघितलं तर अडतीस किलोमीटर.

"हात करू का?" जाधवांनी विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

जहाज चुकलं तर पुढचं बंदर बारा दिवसांवर, आणि तिथला व्हिसा त्यांच्याकडे नव्हता. मी एजंटला जाधवांचं लोकेशन पाठवलं. त्याने गाडीचा नाद सोडून एक छोटी बोट काढली. सलीमभाई फोनवर जाधवांना एकच सांगत राहिले, "हलू नका. जिथे आहात तिथेच उभे राहा."

सुटायच्या दहा मिनिटं आधी जाधव जहाजावर चढले. ते सांगतात, बोटीत बसून पाण्याच्या मध्यावर आलो तरी खिशातून ती मॅपवाली बाई बोलतच होती: यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या.

*

मोहिते म्हणून एक खलाशी बुसानला जहाजाची वाट बघत हॉटेलात थांबला होता. सकाळी पोटात इतकं दुखायला लागलं की उभं राहता येईना. हॉटेलवाल्यांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरला इंग्लिश जेमतेम, मोहितेलाही जेमतेम. त्याने फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप उघडलं आणि मराठीत लिहिलं, "पोटात कळ आहे."

डॉक्टरने ते कोरियनमध्ये वाचलं. परत वाचलं. मग घाईघाईने दोन नर्स आल्या आणि मोहितेला एक्स-रेला घेऊन गेल्या. त्याने मला फोन केला तेव्हा तो रडवेला झाला होता. "मॅडम, हे मला विचारतायत, कधी गिळलं? मी काय गिळलं?"

मी एजंटला मध्ये घातलं. अर्ध्या तासाने उलगडा झाला. अ‍ॅपने कळ म्हणजे बटण केलं होतं.

एक्स-रेत बटण सापडलं नाही. मुतखडा सापडला.

*

खारघरच्या साळवी वहिनी एकदा सकाळी थेट ऑफिसात आल्या. चेहरा पांढराफटक. मिस्टर सेकंड इंजिनिअर, आदल्या दिवशी ब्राझीलला सांतोसमध्ये उतरलेले.

"ह्यांच्या फोनवर दुसराच माणूस बोलतोय," त्या म्हणाल्या. "तीनदा लावला. तीनदा तोच."

मी हॉटेलला फोन लावला, कोणी उचलेना. वहिनींच्या हातात कागद होता. तो माणूस जो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, तो त्यांनी ऐकू आला तसा लिहून आणला होता: एस्केसेउ. त्यांना वाटलं, पळवून नेणाऱ्याचं नाव असेल, पोलिसांना उपयोगी पडेल.

सलीमभाई सांतोसला बऱ्याचदा जाऊन आलेले. त्यांनी कागद वाचला आणि खुर्ची पुढे ओढली. "भाभी, बसा आधी. हा टॅक्सीवाला असणार. विसरला, असं म्हणतोय तो. साहेब फोन विसरले टॅक्सीत."

वहिनींनी कागद परत घेतला. "विसरले? मग हेच ते," म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

*

निखिल म्हात्रे द्रोणागिरीजवळच्या गावातला, थर्ड ऑफिसर. सकाळच्या विमानाने निघाला, दोहाला उतरून पुढे अमेरिकेला जायचं होतं. विमान उडून तास झाला असेल, त्याच्या बहिणीचा, प्रियाचा फोन आला. वडील गेले. अंगणात खुर्चीवर बसले होते, तिथेच.

"मॅडम, त्याला असं फोनवर वाचायला नको मिळायला," ती म्हणाली. "तो एकटा आहे. पण फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी टाकलंय. फोटोला हार घालून टाकलाय."

निखिलचा फोन बंद होता. दोहाला उतरून त्याने तो चालू केला की सगळं एकदम येणार. आमच्या हातात अडीच तास होते.

मी दोहाच्या विमानतळावर मदतनीस बाई ठरवली. विमानाच्या दाराशी नावाची पाटी घेऊन उभी राहील, त्याला बाजूला खोलीत नेऊन बसवेल, मग प्रिया बोलेल. परतीचं तिकीटही काढून ठेवलं, तो उतरल्यावर दोन तासांनी सुटणारं. सलीमभाईंनी प्रियाकडून ग्रुपमधल्या लोकांचे नंबर घेतले आणि एकेकाला फोन लावत सुटले. "मी निखिलच्या ऑफिसातून बोलतोय. तुम्ही टाकलेला मेसेज काढून टाका. हो, सगळ्यांसाठी डिलीट. आत्ता." काही जण चिडले. एका काकांना डिलीट करायचंच माहीत नव्हतं. सलीमभाई त्यांना शांतपणे शिकवत होते, "मेसेजवर बोट दाबून ठेवा काका. दाबून ठेवा. आता वर काय आलं?" काका मध्येच हुंदका देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे.

शेवटचा मेसेज डिलीट झाला तेव्हा प्रियाने कळवलं, "झालं. एकही राहिला नाही." सलीमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

विमान वीस मिनिटं लवकर उतरलं. मदतनीस बाई दाराकडे निघालीच होती, तोवर माझ्या टेबलावरचा फोन वाजला. स्क्रीनवर निखिलचं नाव. मी सलीमभाईंकडे बघितलं आणि फोन घेतला.

मागे विमानातली अनाउन्समेंट चालू होती. लोक उठून बॅगा काढत असावेत.

"मॅडम, आमच्या ग्रुपवर एकेचाळीस मेसेज आहेत," निखिल म्हणाला. "सगळेच्या सगळे डिलीट केलेले." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं,

"आई गेली, की बाबा?"