मनस्वीच्या डावीकडे

माझ्या नणंदेला, काशीला, एका जागी स्वस्थ बसलेलं मी बारा वर्षांत पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा ती उकिडवी बसते आणि दर घासाला मान वळवून बघते. बघते माझ्या मुलीकडे. मनस्वी चुलीजवळ गेली की काशी उठलीच, मनस्वी विहिरीवर निघाली की काशीच्या पायात चपला. सुरुवातीला मला तिची कीव यायची, पुढे राग यायला लागला. पोर माझी, आणि जीव हिचा टांगणीला!

आवणीत तर ती कहर करायची. आम्ही बायका ओळीनं वाकून, मागं सरकत भाताची रोपं लावतो. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं लावायचं. काशीची जागा ठरलेली, मनस्वीच्या डावीकडे. दुसऱ्या कोणी ती घेतली तर भांडायला उठायची. नजर चिखलात कमी आणि पोरीवर जास्त, म्हणून तिच्या वाट्याच्या खाचरात जागोजागी मोकळे तुकडे राहायचे. ते मागून जाऊन मी भरायचे आणि ओरडायचे, "काशे, डोळं कुठं असतात गो तुझं?" सगळ्या बायका हसायच्या. तीही हसायची.

मनस्वीला पहिली फिट आली सातव्या वर्षी, शाळेत प्रार्थनेला उभी असताना. काशी तेव्हा मुरबाडकडे सासरी नांदत होती. भाचीला बघायला म्हणून चार दिवसांसाठी आमच्याकडे डोळखांबला आली आणि राहिली ती राहिलीच. सासरहून दोनदा माणूस आला. "पोरगी बरी झाली का येते," हे तिचं उत्तर. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही, नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याची बातमी तेवढी आली. मी शेजारणीला म्हणाले होते, हिला सासरी नांदायचंच नव्हतं, माझ्या लेकीचं निमित्त झालं. हे मी बोलले आहे. आता नाकारून काय उपयोग?

आमच्याकडे फिट आली की हातात लोखंड देतात. आमच्या दाराच्या खिळ्याला जुन्या कुलपाची चावी असायची. पोर वाकडी होऊन पडली की मी धावत जाऊन ती आणायचे आणि तिच्या डाव्या मुठीत कोंबायचे. दोन-तीन मिनिटांत ती शांत व्हायची. फिट आपली आपण थांबत होती, पण श्रेय मी चावीला देत होते.

शहापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. डोक्याचा सीटी स्कॅनही झाला, त्यात काही दिसलं नाही. फिटा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. गोळ्या वाढत गेल्या तशी पोर वर्गात पेंगायला लागली. अकरावीला तिनं कॉलेज सोडलं.

मागच्या वर्षी शहापूरला फिटांच्या आजाराचं शिबिर भरलं. मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. खुर्च्या तीन होत्या, काशी अर्थातच उभी. बाईंनी विचारलं, "फिट सुरू होते तेव्हा सगळ्यात आधी काय होतं?"

"पडते, तोंडाला फेस येतो," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

"डावी मूठ आवळते. पण ती चावीमुळं. आमी देतो ना हातात."

बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून काशी बोलली, "नाय बाई. चावी मागून येते. आधी डावा आंगठा उडतो. मंग मूठ वळते, मंग खांदा, मंग तोंड डावीकडं वाकडं होतं. मंग पडते. आवणीत तिच्या हातातली जुडी पयली सुटते. म्हणून तर मी त्या बाजूला असते."

"गप गो! डॉक्टरांना शिकवतेस?" मी तिला दटावलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना बोलू द्या. मावशी, कधी उजव्या हातानं सुरू झालं?"

"एकदाबी नाय."

"तुम्ही किती फिटा पाहिल्यात?"

"सगळ्याच," काशी म्हणाली.

मग मनस्वी खाली बघत म्हणाली, "मला आधी त्या आंगठ्यात मुंग्या येतात."

"मला कधी बोलली नाय तू?"

"आत्याला बोलले. तू तवा चावी आणायला पळतेस, आय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. इतकी वर्षं मी त्या मुठीत चावी कोंबली होती आणि चावीमुळेच मूठ वळते असं जगाला सांगत होते.

दरवेळी एकाच जागेवरून सुरुवात होते म्हणजे मेंदूच्या उलट्या बाजूला काहीतरी आहे, असं बाईंनी सांगितलं. मुंबईला एमआरआय झाला. उजव्या बाजूला, चिंचोक्याएवढी गाठ. लहानपणापासूनचीच असावी, कॅन्सरची वाटत नाही, काढली तर फिटा थांबायची आशा बरीच. पण गाठ होती डावा हात चालवणाऱ्या भागाला लागून. हात लुळा पडण्याचा धोका होता.

माझा नवरा देवराम म्हणाला, "नको. हाय तशी हाय." मी दिवसातून तीनदा मत बदलत होते. काशी अंगणात नुसत्या येरझारा घालत होती. शेवटी मनस्वीच म्हणाली, "मला एकटीला विहिरीवर जायचंय. करा ऑपरेशन."

ऑपरेशनच्या मध्येच तिला जागं करणार होते आणि हात हलवायला लावणार होते, म्हणजे कापताना हाताचा भाग वाचवता येतो. सहा तास आम्ही बाहेर होतो. काशी भिंतीला टेकून उभी आणि सारखी डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत होती. तिला वाटत होतं, आपण थांबलो तर आत पोरीची बोटं थांबतील. मी तिला "बस गो" म्हटलं नाही. मीही हळूच पदराखाली माझी बोटं हलवत होते.

गाठ निघाली. तपासणीत साधीच ठरली. हात वाचला, पण बोटांत जोर नव्हता. काशीनं तिला रोज भाकरीचं पीठ मळायला लावलं. गोळ्या अजून दोन वर्षं चालू राहणार आहेत. बाईंनी मला बजावलं, पुन्हा फिट आलीच तर हातात काही द्यायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. आठ महिने झाले, एकही फिट नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, काशीचा सोडून. ती दिवसातून तीनदा अंगण झाडते, धुतलेली भांडी पुन्हा घासते. एकदा मी म्हटलं, "आता तरी बस ना गो." ती म्हणाली, "बसून काय करू वयनी?" माझ्या लेकीच्या पायी हिचं घर गेलं होतं आणि मी तिला शेजारणीकडे नावं ठेवली होती. माफी मागायचं मनात होतं, ती राहूनच गेली.

यंदाच्या आवणीला डॉक्टरांनी मनस्वीला परवानगी दिली. सकाळी काशी सवयीनं तिच्या डावीकडे उभी राहिली. मनस्वी म्हणाली, "आत्या, आज तू त्या टोकाला लाव." काशी जुडी उचलून पार बांधापर्यंत गेली, मागं वळून न बघता.

आम्ही वाकलो. दुपारकडे मनस्वीच्या हातातली जुडी सुटून पाण्यात पडली. मी लावणं थांबवून तिच्याकडे बघत राहिले. तिनं बोटं झटकली, जुडी उचलली. "बोटं दमली गो आय, काय बघतेस?" तेव्हा मला कळलं, मी तिच्या डावीकडे येऊन उभी आहे, सकाळपासूनच.

समोर चिखलात पावलांचा आवाज झाला. काशी होती. तिचा वाटा लावून झाला होता, एक मोकळा तुकडा नव्हता त्यात. ती माझ्या वाट्यात राहिलेल्या मोकळ्या तुकड्यांत वाकून एकेक रोप खोचत येत होती.

"वयनी," ती म्हणाली, "डोळं कुठं असतात गो तुझं?"