दीड तासावर

१४ मार्च १९८६. शुक्रवार, इथे दुबईत आठवड्याची सुट्टी. फ्रीजमधला बर्फ वितळवायला घेतला होता. ओल्या हातांनीच दादाचं पत्र फोडलं.

मुलुंड सोडून मला पाच वर्षं झाली. तेव्हा सहार विमानतळाच्या दाराबाहेर आईने माझं तिकीट मागून घेतलं. मुंबईहून सुटणार दहाला, दुबईला पोचणार साडेअकराला. तिने बोटांवर मोजलं. "दीडच तास? अगं, मुलुंडहून इथे यायला तेवढा वेळ लागला की!" आणि डोळे पुसले. दुबईचं घड्याळ दीड तास मागे असतं, विमान खरं तीन तास उडतं, हे मी सांगितलं नाही. ती हसायला लागली होती आणि मला आत जायचं होतं.

पहिल्या रजेला दहाला निघून अडीचला उतरले. "जाताना दीड, येताना साडेचार? विमान रस्ता चुकलं काय गं?" मी म्हटलं, वारा समोरून असतो. तिला पटलं.

तुमच्यापैकी जे इकडे आलेत, त्यांना ठाऊक आहे की विमानाचे तास मोजण्यात अर्थ नाही. माझा पासपोर्ट मी काम करते त्या हॉस्पिटलच्या ऑफिसात, कुलपात. रजेचा अर्ज, साहेबांची सही, दुबईत पुन्हा शिरण्यासाठी परतीचा व्हिसा, त्यालाच चार दिवस, मग सीट. आठ-दहा दिवस सहज जातात. तिकडे राहिलेल्यांना हे कधी कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

पत्र दहा दिवसांपूर्वीचं होतं. आईच्या छातीत दोनदा कळ आली. डॉक्टर अ‍ॅडमिट व्हा म्हणतात, ती ऐकत नाही.

खाली जाऊन मुलुंडला फोन लावला. फोन शेजारच्या परबकाकूंकडे. आईला चार पावलं यायला फार वेळ लागला.

"काही नाही गं, गॅस झालाय. दादाला लिहायची हौस."

"अ‍ॅडमिट का होत नाहीस?"

"होईन ना." मध्ये ती थांबली, श्वास घेतला. "दुखलं की तुला बोलावते. तू आलीस की जाऊ दोघी. दीड तासाचा तर प्रश्न."

मग मी सगळं सांगितलं. तीन तास, घड्याळ, पासपोर्ट, आठ-दहा दिवस.



"मग तेव्हाच का नाही बोललीस?" एवढं म्हणाली आणि लाइन तुटली. पुन्हा लागली नाही.

घर म्हटलं की मला आधी आमची गॅलरी, आईची पितळी भांडी असलं काहीतरी आठवायचं. आता घर म्हणजे एक बाई, जी माझ्या भरवशावर दवाखाना पुढे ढकलत बसली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऑफिस उघडायच्या आधीच, मी दारात उभी होते. हातात रजेचा अर्ज नव्हता, राजीनामा होता. परत यायचंच नसेल तर परतीचा व्हिसा लागत नाही. तेवढेच चार दिवस वाचतात.